सपाट चित्राला चुण्या पाडताना

टी-शर्टच्या फोटोवर एखादे बोधचिन्ह नुसते आणून ठेवले, तर ते छापल्यासारखे न दिसता चिकटवल्यासारखे दिसते. कापडाला चुण्या असतात, चित्राच्या रेषा मात्र पट्टीने आखलेल्या. कापडावर सावली असते, चित्रावर तिचा पत्ता नसतो. डोळ्याला हे लगेच खटकते. फोटोशॉपमध्ये त्यावर दोन वेगवेगळी कामे करावी लागतात. एक म्हणजे चित्र कापडाच्या उंचसखलपणाप्रमाणे वाकवणे आणि दुसरे म्हणजे कापडावरचा उजेड चित्रावर उतरवणे. पुष्कळ जण दुसरेच काम करून थांबतात, आणि फसवणूक तिथेच उघडी पडते.

वाकवण्याचे काम ‘डिस्प्लेस’ नावाचा फिल्टर करतो. त्याला कापड, वीट, लाकूड यांतले काहीही कळत नाही. कळतो तो फक्त उजेड आणि अंधार. म्हणून त्याला एक नकाशा पुरवावा लागतो, आणि हा नकाशा म्हणजे बहुधा त्याच फोटोची कृष्णधवल प्रत. करड्या रंगाच्या छटा ० म्हणजे काळा ते २५५ म्हणजे पांढरा अशा मोजल्या जातात. नकाशात जिथे १२८ ही मधली छटा असेल, तिथला चित्राचा ठिपका जागचा हलत नाही. त्याहून उजळ छटेवर तो एका दिशेला सरकतो, गडद छटेवर उलट दिशेला. किती सरकायचे ते ‘स्केल’च्या आकड्यावर ठरते. १०० टक्क्यांना ही मजल जास्तीत जास्त १२८ पिक्सेलची असते. १० टक्के ठेवले तर १७८ छटेवरचा ठिपका सुमारे ५ पिक्सेल सरकेल.

आडव्या आणि उभ्या दिशेचे स्केल स्वतंत्र असते. नकाशात एकच चॅनल असेल, तर दोन्ही दिशांना तोच नकाशा लागू होतो आणि चित्र तिरके सरकते. पडद्यासारख्या उभ्या चुण्या असतील, तर उभे स्केल शून्यावर आणून केवळ आडवे ठेवणे पुष्कळदा अधिक पटते.

इथे एक बारकावा आहे आणि सारी गोम त्यातच आहे. चित्र वाकते ते उजेडामुळे नव्हे, उजेड बदलल्यामुळे. नकाशा सगळीकडे सारखाच उजळ असेल, तर आख्खे चित्र एका बाजूला सरकेल. वाकणार काहीच नाही. चुणीच्या कडेला मात्र छटा झपाट्याने बदलते, शेजारशेजारचे ठिपके कमीजास्त सरकतात आणि अक्षर तिथे आक्रसते किंवा ताणले जाते. म्हणून पांढऱ्या शर्टाचा नकाशा ‘लेव्हल्स’ वापरून असा गडद करावा, की सपाट भाग १२८ च्या आसपास येईल. कापडाची वीण आणि फोटोतले बारीक दाणे हेही छटेचे बदलच, आणि फार झपाट्याचे. ते तसेच राहिले तर अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. त्यासाठी नकाशाला ‘गॉशियन ब्लर’ने थोडे पुसट करतात: चुणी राहिली पाहिजे, वीण गेली पाहिजे. मग नकाशा पीएसडी स्वरूपात वेगळा साठवायचा. चित्राच्या लेयरवर फिल्टर लावला की फोटोशॉप ही फाइल मागते. लेयर आधी ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’ करून ठेवला, तर स्केलचे आकडे नंतरही बदलता येतात. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्येही असाच फिल्टर आहे.

ही कल्पना संगणकीय चित्रकलेत जुनी आहे. १९७८ मध्ये जिम ब्लिन यांनी पृष्ठभाग न हलवता, केवळ उजेडाचे गणित बदलून सुरकुत्यांचा आभास निर्माण केला. १९८४ मध्ये रॉबर्ट कुक यांनी पृष्ठभागच प्रत्यक्ष उचलण्याची रीत मांडली. फोटोशॉपचा फिल्टर या दोहोंपेक्षा साधा आहे, कारण तो ठिपके सपाट कागदावरच इकडेतिकडे सरकवतो आणि उजळ म्हणजे उंच असे बेधडक गृहीत धरतो. हे गृहीतक चुकते तिथे फिल्टरही चुकतो. विटांच्या भिंतीवर दर्जा आत गेलेल्या आणि गडद असतील, तर ठीक. त्या पांढऱ्या सिमेंटने भरलेल्या असतील, तर खोलगट भाग उंच समजला जातो. चौकडीच्या शर्टात चौकटीही चुण्या ठरतात. अशा वेळी नकाशा हाताने रंगवून दुरुस्त करण्याला पर्याय नाही.

उजेडाचे काम त्यामानाने सोपे. लेयरला ‘मल्टिप्लाय’ मोड दिला, की चित्राची छटा खालच्या छटेशी गुणली जाते: चित्रात २०० आणि कापडावर १२८ असेल, तर सुमारे १०० उरते. अशा रीतीने सावल्या चित्रातून वर येतात आणि वीणही परत दिसू लागते, शिवाय ती न वाकता. काळ्या कापडावर मात्र हा मोड कुचकामी आहे, कारण पांढरे अक्षर त्यात नाहीसेच होते. तिथे ‘नॉर्मल’ मोड ठेवून ‘ब्लेंड इफ’च्या खालच्या लेयरच्या पट्टीवरून गडद भाग चित्रातून डोकावू देतात. तिथली खूण ऑल्ट दाबून दुभंगली, तर हा बदल तुटक न दिसता हळूहळू विरतो.

कापड जिथे स्वतःवरच दुमडलेले असते, तिथे यातला कोणताही उपाय चालत नाही. घडीआड गेलेले अक्षर डिस्प्लेस लपवू शकत नाही. ते मास्क घालूनच झाकावे लागते.