काटा हलत नाही? लगेच मीटर बदलू नका

आमच्या वाशीम जिल्ह्यात गाडी ही हौस म्हणून फार कमी लोकांकडे आहे. भाजीपाला बाजारात नेणारी पिकअप, पोहरादेवीला भाविकांना पोचवणारी जीप, रात्री-अपरात्री अकोल्याच्या दवाखान्यात जायला दारात उभी ठेवलेली जुनी मारुती, अशा गाड्यांवर इथली घरं चालतात. म्हणून त्या पंधरा-वीस वर्षं वापरल्या जातात. इंजिनाचं ऑईल बदललं जातं, टायर बदलले जातात. पण स्टिअरिंगच्या पुढं जे मीटर असतं, त्याच्या वाट्याला मात्र कोणी जात नाही. काटा बंद पडला, तर 'गाडी चालते ना, मग झालं' एवढंच बोलून विषय संपतो.

मी वाशीमला गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. इंजिन तापून हेड गॅसकेट गेलेली गाडी समोर आली, की माझा पहिला प्रश्न असतो, 'टेंपरेचरचा काटा चालू होता का?' बहुतेक वेळा उत्तर येतं, 'तो तर कधीचाच बंद आहे.' म्हणजे किरकोळ काम टाळलं आणि इंजिन खोलायची पाळी आली. गाडी आपल्याशी बोलते ती मीटरमधूनच. तिचं तोंड बंद ठेवणं परवडत नाही.

मीटरच्या आत असतं तरी काय? जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून एक फिरती केबल येते. तिच्या टोकाला लोहचुंबक असतं आणि चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची छोटी वाटी. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. पण चुंबक फिरलं की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी त्याच्यामागं ओढली जाते. घड्याळातल्यासारखी बारीक स्प्रिंग तिला मागं खेचते. या ओढाताणीत काटा जिथं स्थिरावतो, तो आपला वेग. जर्मनीच्या ऑटो शुल्त्झे यांनी १९०२ साली याचं पेटंट घेतलं आणि पुढं जवळजवळ शंभर वर्षं जगभरच्या गाड्या याच युक्तीवर वेग दाखवत राहिल्या. नव्या गाड्यांत केबल नाही. तिथं सेन्सर विजेचे ठोके पाठवतो आणि इवलीशी मोटर काटा हलवते.

डिझेल-पेट्रोलचा काटा टाकीतल्या फुग्यावर चालतो. फुगा वर-खाली झाला की विजेला होणारा अडथळा कमी-जास्त होतो. टेंपरेचरचा सेन्सर गरम होतो तसा त्याचा अडथळा घटतो. थोडक्यात, काटा हा फक्त निरोप्या आहे. निरोप चुकला, तर दोष निरोप्याचाच असेल असं नाही.

म्हणून पेचकस हातात घेण्याआधी रोग ओळखा. सगळेच काटे आणि दिवे एकदम गेले असतील, तर आधी फ्यूज आणि अर्थिंग पाहा. सोयाबीन घरात आलं की उंदीरही येतात आणि गाडीची वायर कुरतडतात, हे विसरू नका. डिझेल आणि टेंपरेचर असे दोन्ही काटे एकाच वेळी जास्त दाखवू लागले, तर जुन्या गाड्यांत मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा त्याची अर्थिंग बिघडलेली असते. स्पीडचा काटा थरथरत असेल आणि कुरकुर आवाज येत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठंतरी मुडपली आहे. केबलला हलकं ग्रीस लावा, पण मीटरकडचा वरचा चार बोटं भाग कोरडा ठेवा. नाहीतर ग्रीस चढत मीटरमध्ये शिरतं. एकटा डिझेलचा काटा बंद असेल, तर दोष बहुधा टाकीतल्या फुग्याकडं असतो. ते काम मात्र घरी करू नका. पेट्रोलची वाफ आणि ठिणगी यांची गाठ पडता कामा नये.

आता मीटर काढायचंच ठरलं, तर चावी काढून घ्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आहे. अशा गाडीत बॅटरी सोडल्यावर पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय स्टिअरिंगजवळ हात घालू नका आणि त्या वायरिंगला तर हातच लावू नका.

स्टिअरिंगच्या दांड्यावर जुनं फडकं टाका. मीटरभोवतीच्या पट्टीचे स्क्रू काढून वाटीत ठेवा. उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं प्लास्टिक पापडासारखं कडक झालेलं असतं. ओढाल तर तुटेल. आधी एखादा लपलेला स्क्रू राहिला आहे का ते बघा. मीटर थोडं पुढं घेऊन मागची केबल आणि कपलर सोडवा. सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बाहेर काढलेलं मीटर पालथं ठेवू नका. काही मीटरमध्ये काट्याचं थरथरणं थांबवण्यासाठी तेल भरलेलं असतं, ते सांडतं.

घरी करण्याजोगं काम पाठीमागच्या बाजूला असतं. बल्ब अर्धा फेरा फिरवला की निघतो. नवा घेताना तितक्याच वॅटचा घ्या. मोठा बल्ब उजेड देईल, पण प्लास्टिक वितळवेल. तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील, तर शाळेतल्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा. कपलरच्या पिनांचा डाग सुटला असेल, तर २५ वॅटच्या सोल्डरिंगनं पुन्हा द्या. काटा मात्र उपटू नका. तो पुन्हा जिथं बसेल, तिथून वेग चुकीचाच दाखवेल.

बॅटरीच्या लाल दिव्याकडं खास लक्ष द्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच बल्बमधून आल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब गेला तर चार्जिंगही सुरू होत नाही आणि लोक बिचाऱ्या बॅटरीला दोष देतात. त्या जागी साधा एलईडी लावूनही भागत नाही, कारण त्यातून पुरेसा करंट जात नाही.

मीटर बसवल्यावर वेगाची खात्री करून घ्या. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून आपल्या कारंजा, मालेगाव भागातल्या गाड्याही ताशी शंभरच्या पुढं जाऊ लागल्या आहेत. तिथं चुकीचा काटा म्हणजे जिवाशी खेळ. पण तपासणी करायची ती कमी वर्दळीच्या साध्या रस्त्यावर. शेजारी बसलेल्याच्या हातात घड्याळ द्या. काटा ६० वर स्थिर ठेवला, तर एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत ६० सेकंद लागले पाहिजेत. ४० वर ठेवला, तर ९०. काही सेकंद जास्त लागले तर चिंता नाही, कारण मीटर मुळातच वेग थोडा वाढवून दाखवेल असं बनवतात. कमी लागले, तर मात्र मीटर वेग लपवतं आहे.

एक गोष्ट सांगायलाच हवी. 'मीटर काढलंच आहे, तर किलोमीटरही मागं घ्या' असं सांगणारे येतात. मी ते काम करत नाही. जुनी जीप घेणारा माणूस बहुधा कर्ज काढून पोटापाण्यासाठी घेतो. दोन लाख किलोमीटर धावलेली गाडी ऐंशी हजारांची म्हणून त्याच्या गळ्यात मारणं ही सरळ फसवणूक आहे. मीटर बदलावंच लागलं, तर जुना आकडा आणि तारीख बिलावर लिहून घ्या आणि गाडी विकताना ते बिल दाखवा.

आणि रोज सकाळी चावी फिरवल्यावर क्षणभर थांबा. ऑईलचा आणि बॅटरीचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. लागलाच नाही, तर बल्ब पाहा. विझला नाही, तर इंजिन लगेच बंद करा आणि गाडी तिथंच उभी ठेवून मिस्त्रीला बोलवा.