चिरफाडीवाचून काळजाची झडप

काळीज म्हणजे एक पंपच. विहिरीवरच्या पंपाला झडप असते. ती पाणी पुढं जाऊ देते, मागं येऊ देत नाही. काळजात अशा चार झडपा असतात. त्यांतली एक काळजाच्या तोंडाशी असते. सगळ्या अंगाला जाणारं रक्त तिच्यातून बाहेर पडतं. तिला तीन पातळ पाकळ्या असतात. त्या दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडतात आणि मिटतात.

उतारवयात काही जणांच्या पाकळ्यांवर चुना साठतो. मचूळ पाण्याच्या हंड्याला आतून पांढरा थर बसतो ना, तसंच. पाकळ्या ताठ होतात. रुपयाच्या नाण्याएवढी वाट हरभऱ्याएवढी उरते. मग चढ चढताना दम लागतो, छातीत दुखतं, भोवळ येते. घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच!" पण हे नुसतं वय नव्हे. असा त्रास सुरू झाल्यावर झडपेवर इलाज केला नाही, तर निम्मे रोगी दोनएक वर्षांत दगावतात. चुना विरघळवणारं औषध अजून निघालेलं नाही.

पूर्वी एकच उपाय होता. छाती उघडून नवी झडप बसवायची. 2002 साली फ्रान्समधले डॉक्टर आलँ क्रिबिए यांनी दुसरी वाट काढली. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून त्यांनी काळजात नवी झडप पोचवली. छाती उघडावी लागली नाही. पण काही म्हातारी माणसं इतकी खंगलेली असतात की त्यांना हेही झेपत नाही. त्यांचं काय करायचं?

त्यांच्यासाठी पॅरिसच्या डॉक्टरांनी आवाजाचा उपयोग करून पाहिला. आवाजाचा? होय. आपल्याला सेकंदाला वीस हजारांपर्यंत कंपनं ऐकू येतात. त्यापलीकडचा आवाज कानाला कळत नाही. सोनोग्राफीत तोच वापरतात. उन्हात भिंग धरलं की कापूस पेटतो, पण भिंग काही तापत नाही. ऊन एका ठिपक्यावर गोळा होतं म्हणून कापूस पेटतो. तसाच हा आवाज बाहेरून छातीवर यंत्र टेकवून नेमका झडपेवर गोळा करतात. इथं मात्र काही जाळायचं नसतं. आवाजाच्या ठोक्यांनी बारीक बुडबुडे उठतात आणि फुटतात. त्यांच्या धक्क्यानं ताठ पाकळ्या सैल होतात. काळीज सारखं हलत असतं, म्हणून डॉक्टर पडद्यावर झडप पाहत पाहत नेम धरतात.

याचा अनुभव 2023 साली प्रसिद्ध झाला. फ्रान्स, नेदरलँड्स आणि सर्बिया इथले 40 रोगी होते. सरासरी वय 83. पहिल्या महिन्यात या उपचारामुळे कुणी दगावलं नाही. सहा महिन्यांनी झडपेची वाट सरासरी दहा टक्के रुंदावलेली आढळली. दहा टक्के म्हणजे थोडंच. पण बऱ्याच जणांचा दम कमी झाला. अंगणापर्यंत चालत जाता येणं हेही त्या वयात लहान सुख नव्हे.

तरी हे नवी झडप बसवण्याइतकं पक्कं काम नाही. चाळीस माणसांवरून सगळं ठरतही नाही. ज्याला ऑपरेशन झेपेल, त्यानं आवाजाच्या भरवशावर थांबू नये.

घरात कुणाला असा दम लागत असेल, तर डॉक्टरांना छातीला नळी लावून ऐकायला सांगा. झडप आखडली असली की बहुधा रक्ताची खरखर ऐकू येते. मग टूडी इको करतात. त्यात झडप पडद्यावर दिसते. ती तपासणीही अशाच न ऐकू येणाऱ्या आवाजानं होते, पण तो आवाज सौम्य असतो. दुखत काही नाही.