नाणेघाटांतील पुतळ्यांचें दालन

मुंबईचा टाउन हॉल १८३३ सालीं बांधून पुरा झाला. त्यांत एल्फिन्स्टन, माल्कम, नाना शंकरशेट अशा कर्त्या पुरुषांचे संगमरवरी पुतळे आहेत. सार्वजनिक दालनांत राज्याच्या कर्त्यांच्या प्रतिमा मांडाव्या ही चाल विलायतेहून आली असें वाटणें साहजिक आहे. परंतु जुन्नरच्या पश्चिमेस, घाटघर गांवानजीक, जीवधन किल्ल्याच्या लगत जी खिंड कोंकणांत उतरते, तिच्या तोंडाशीं असेंच एक दालन सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कातळांत कोरलेलें आहे.

ही खिंड म्हणजे नाणेघाट. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल येथूनच वर चढून जुन्नरास आणि पुढें पैठणास जाई. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, म्हणून घाटाचें नांव नाणेघाट, असें लोक सांगतात. आणि त्याच ओघानें खालच्या दालनासही जकातनाका ठरवून टाकतात. येवढ्या रहदारीच्या वाटेवर जकात घेतली जात असणें संभवनीयच आहे. परंतु दालनाच्या भिंती जकातीविषयीं एक अक्षरही बोलत नाहींत. त्या बोलतात तें निराळेंच.

दालन सुमारें तीस फूट लांबरुंद असून तीन बाजूंनीं कातळाचा कट्टा सोडलेला आहे. डाव्या व उजव्या भिंतींवर प्रत्येकी दहा ओळींचा ब्राह्मी लिपींतील प्राकृत लेख आहे. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन केलें आहे. महाराष्ट्रांत वासुदेवाची पूजा किती जुनी, याचा हा मोठाच पुरावा होय. लेख सातकर्णी राजाच्या राणीचा, म्हणजे नागनिकेचा, असें बहुतेक विद्वान मानतात. महिनाभर उपवास करणारी, घरांत राहूनच तपस्विनीचें जीवन कंठणारी अशी तिचीं विशेषणें आहेत. त्यांवरून ती विधवा झाली होती असें अनुमान निघतें. पुढें अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा नोंदल्या आहेत: कोठें सतराशे गाई व दहा हत्ती, कोठें २४,४०० कार्षापण. भक्तीचा लेख बघतां बघतां जमाखर्चाची वही होतो!

या वहीनेंच पुढें मोठें काम केलें. १८२८ च्या सुमारास कर्नल साइक्स यांनीं हे लेख उजेडांत आणले. त्यांतील आंकड्यांचा उलगडा करणारा पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा निबंध १८७६ सालीं एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत आला. ही संस्था त्याच टाउन हॉलांत नांदते. या अंकपद्धतींत शून्य नाहीं. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हें आहेत, आणि हजाराच्या चिन्हाला चाराचें चिन्ह जोडलें कीं चार हजार होतात. म्हणून सतराशे लिहावयाचे तर प्रथम हजाराचें आणि मग सातशेंचें चिन्ह मांडावें लागे. १८८३ सालीं ब्यूलर यांनीं लेखाची चिकित्सक आवृत्ति काढली. काळाविषयीं मात्र एकमत नाहीं; ब्यूलर यांनीं तो ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील मानला, तर पुढील कित्येकांनीं पहिल्या शतकांत आणला.

समोरच्या भिंतीवर पूर्वीं आठ पुतळे कोरलेले होते. आज एकही धड नाहीं. कोठें पावलें, कोठें वस्त्राच्या कडेची पुसट रेघ, येवढेंच उरलें आहे. पण शिल्पकारानें प्रत्येकाच्या डोक्यावर नांव कोरण्याची दक्षता घेतली होती, त्यामुळें मूर्ति गेल्या तरी बहुतेकांची ओळख राहिली. प्रथम वंशाचा संस्थापक सिमुक सातवाहन. मग राणी आणि सातकर्णी. येथें राणीचें नांव आधीं आहे. पुढें कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि आणि कुमार सातवाहन. हा महारठी राणीचा पिता असावा. तसें असेल तर सासरच्या राजकुलाच्या रांगेंत तिनें आपल्या माहेरासही जागा करून दिली, आणि तीही अशा ठिकाणीं कीं बंदरांतून देशावर चढणाऱ्या प्रत्येक तांड्याच्या दृष्टीस ती पडावी.

तांड्यांनीं मागें ठेवलेली खूणही तेथेंच आहे. घाटांत पाण्याचीं टाकीं खोदलेलीं असून त्यांपैकीं एकावर तें सोपाऱ्याच्या गोविंददासानें दिलें, असा अगदीं त्रोटक लेख आहे. त्यांत यज्ञ नाहीं, दक्षिणा नाहीं. केवळ दात्याचें नांव, गांव आणि टाक्याचा उल्लेख.