रक्त पोचत नाही तिथे

१९५५ ते १९६३ या काळात अणुबॉम्बच्या इतक्या चाचण्या झाल्या की हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. तो पिकांत उतरला, पिकांतून माणसांत आला. १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर त्याचं हवेतलं प्रमाण वर्षागणिक घटत गेलं. त्यामुळे शरीरातला एखादा धागा साधारण कोणत्या वर्षी तयार झाला, हे त्यातल्या कार्बनवरून काढता येतं. २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हे गणित गुडघ्यातल्या कूर्चेला लावलं. कूर्चेतल्या कोलॅजेनचे धागे वाढीच्या वयात विणले जातात आणि पुढे आयुष्यभर जवळजवळ बदलतच नाहीत, असं त्यातून निघालं. कातडी नवी होते, रक्त नवं होतं, हाडसुद्धा थोडं थोडं खरवडून पुन्हा भरलं जातं. साठीतला माणूस जिना चढतो तो मात्र शाळकरी वयातल्या धाग्यांवर!

ही कूर्चा पाहायची असेल तर मटणाच्या नळीचं टोक बघावं. निळसर पांढरी, चकचकीत टोपी. ओली असताना बोट फिरवलं तर सटकतं. सुरीनं चिरलं तरी रक्त निघायचं नाही, कारण आत रक्तवाहिनीच नाही. मज्जातंतूही नाही, म्हणून तिची झीज सुरू होते तेव्हा कळतही नाही. दुखायला लागतं ते आजूबाजूचं हाड नि सांध्याचं अस्तर. एक्स-रेत गुडघा खराब पण माणूस मजेत, किंवा नेमकं उलटं, असं दिसतं त्याचं हे एक कारण.

माणसाच्या गुडघ्यात तिची जाडी बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटर. वजनाच्या हिशेबात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच. साधं चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीनपट जोर येतो. तो बराचसा पेलतं ते धाग्यांच्या जाळीत कोंडलेलं हे पाणी. घर्षण तर इतकं कमी की बर्फावर बर्फ घासला तरी जास्त भरेल. आणि ती खाते कशी? पाऊल टेकलं की स्पंजासारखं थोडं पाणी बाहेर, उचललं की सांध्यातला द्रव आत, त्यातूनच तिच्या पेशींना पोषण. ‘वंगण संपलंय, आता चालणं बंद’ असं म्हणणारे काका-काकू घरोघरी असतात. चालणं बंद करून ते कूर्चेचं जेवणच तोडत असतात.

रक्त नाही म्हणजे जखम भरण्याची सोयही नाही. कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही, हे विल्यम हंटरनं १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. गुडघ्याचे बहुतेक उपचार म्हणजे या अडचणीतून काढलेल्या वाटा आहेत.

गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, घ्या. तिच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, आतल्या भागाला नाही. कड फाटली तर टाके घालून सांधण्याची आशा असते, आतला भाग सहसा सांधत नाही. कबड्डीत चढाई करताना पाय रोवून अंग वळवलं आणि ‘कट्’ आवाज आला, तर बहुधा पुढचं लिगामेंट, एसीएल, तुटलेलं असतं. तिथे रक्त येतं, पण सांध्यातल्या द्रवात त्याची गुठळी टिकत नाही आणि तुटलेली टोकं जुळत नाहीत. मग मांडीच्या मागची कंडरा काढून हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवतात. पुढचं नवलाचं आहे. त्या कंडरेतल्या पेशी आधी मरतात, मग बाजूनं रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि हळूहळू तिचं लिगामेंट होत जातं. मधल्या काळात ती कमजोर असते. खेळाडूला नऊ-नऊ महिने मैदानाबाहेर ठेवतात ते उगाच नाही. अर्थात प्रत्येकाला हे ऑपरेशन लागतंच असं नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांची पाहणी झाली. त्यातल्या ज्यांना आधी व्यायाम आणि गरज पडलीच तर ऑपरेशन असं सांगितलं होतं, त्यांतले जवळपास निम्मे पाच वर्षांनंतरही ऑपरेशनवाचूनच होते.

झिजलेल्या गुडघ्याची दुर्बिणीतून सफाई हा एके काळचा फार आवडता उपाय. २००२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. काहींची सफाई केली, काहींचा सांधा नुसता धुतला आणि काहींना फक्त कातडीवर छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनी तिन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता. माझ्या मते गुडघ्याच्या विज्ञानातली ही सगळ्यात धाडसी चाचणी.

रक्त जात नाही तर नेऊ या, असाही विचार झाला. कूर्चेखालच्या हाडाला बारीक भोकं पाडली की मज्जेतलं रक्त वर येतं आणि खड्डा भरतो, पण भरतो तो हलक्या प्रतीच्या, खरबरीत कूर्चेनं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत खड्ड्यात सोडल्या आणि १९९४ मध्ये पहिल्या २३ जणांचा अहवाल दिला. हे काम तरुण माणसाच्या छोट्या खड्ड्यासाठी. सगळा गुडघा झिजलेल्या आजोबांना त्याचा उपयोग नाही.

त्यांच्यासाठी सांधेरोपण. यात ‘गुडघा बदलला’ म्हणतात तरी अख्खा गुडघा काही काढत नाहीत. हाडांची टोकं जेमतेम सेंटीमीटरभर तासून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि मध्ये चिवट प्लॅस्टिक. वाजपेयी पंतप्रधान असताना २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत त्यांचे गुडघे बदलले, ते न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावतांनी. २०१७ मध्ये सरकारनं या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि खर्चाचा हा भाग बराच उतरला. शंभरातले सुमारे ८२ सांधे २५ वर्षं टिकतात, असा २०१९ चा एक मोठा अंदाज आहे. मांडी घालून बसायला मात्र बहुतेक डॉक्टर मना करतात.

ऑपरेशनचा निर्णय घेण्याआधी दोन साधे उपाय मनापासून करून पाहावेत. वजन एक किलोनं उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. आणि मांडीचा पुढचा स्नायू बळकट असेल तर धक्का आधी तो झेलतो. तरीही रोपण करावं लागलंच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट पलंगाशी येऊन बहुधा त्याच स्नायूचा व्यायाम सांगतात: गुडघा पलंगावर दाबा, मांडी आवळा, पाचपर्यंत मोजा, सोडा.