जरीकाठ वितळविण्यापूर्वी

पैठणच्या नाथसागरातून निघालेला डावा कालवा गोदावरीचे पाणी परभणी जिल्ह्याच्या शिवारापर्यंत आणतो. परंतु पैठणशी या जिल्ह्याचे नाते कालव्याहून पुष्कळ जुने आहे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा ही गावे त्याच गोदाकाठच्या प्रदेशातली. येथील जुन्या घरांत, माजघरातल्या पेटीच्या तळाशी, आजेसासूची एखादी पैठणी किंवा जरीचा शेला अजूनही मलमलीत गुंडाळून ठेवलेला असतो. रेशीम घडीवर विरलेले असते, काठाची चमक काळवंडलेली असते. असे वस्त्र नेसता येत नाही आणि टाकवतही नाही. मग एके दिवशी दारावर जुनी जरी विकत घेणारा येतो. वस्त्र तराजूत पडते, रेशीम जाळले जाते, धातू वितळविला जातो आणि हाती चांदीची एक लहानशी गोळी राहते. २०२५ साली चांदीचा भाव किलोमागे लाख रुपयांच्या पलीकडे गेल्यानंतर हा मोह अधिकच बळावला, तर त्यात नवल नाही.

अडचणीच्या वेळी घरातील चांदी मोडणाऱ्या कुटुंबाला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. त्या गोळीबरोबर आपण नेमके काय वितळवितो, याची आपल्याला कल्पना आहे काय? पैठणीविषयी बोलताना आपण तिचे सौंदर्य सांगतो, तिच्यात गुंतलेल्या भावना सांगतो. ती तंत्रविद्येचा एक अस्सल दस्तऐवज आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

जरीचा धागा दिसतो तितका साधा नाही. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ पत्रा चढवावयाचा, ती कांब तापवून व ठोकून दोन्ही धातू एकजीव करावयाचे आणि मग ती जंतरातून, म्हणजे क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून, पुनःपुन्हा ओढावयाची. कांबीची सळई होते, सळईची तार होते, तार केसाइतकी बारीक होते. तरीही सोन्याचे कवच फाटत नाही. आतली चांदी जितकी लांबते, तितकेच वरचे सोनेही लांबते. पुढे ही तार चपटी करून तिचा बादला करतात आणि तो रेशमाच्या धाग्याभोवती पिळून गुंडाळला की कलाबतू तयार होतो. जुन्या पैठणीच्या पदरात जमीनच या कलाबतूची असे आणि तिच्यावरची नक्षी रेशमाची.

या सोन्याच्या कवचाने एकदा विज्ञानालाही वाट दाखविली आहे. धूमकेतूमुळे आपल्याला परिचित असलेल्या एडमंड हॅली यांनी १६९१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मुलाम्याच्या तारेवरील सोन्याची जाडी मांडली. त्यासाठी त्यांनी कोणतेही नवे उपकरण बनविले नाही. तार ओढणाऱ्या कारागिरांना हिशेब विचारला. अठ्ठेचाळीस भाग चांदीला एक भाग सोने लागते आणि उत्तम प्रतीची दोन यार्ड तार एक ग्रेन भरते, एवढी माहिती त्यांना पुरली. म्हणजे एक ग्रेन सोने अठ्ठ्याण्णव यार्ड तार झाकते. त्यावरून सोन्याचे कवच इंचाच्या सुमारे एक लाख चौतीस हजार पाचशेव्या भागाइतके, म्हणजेच मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहूनही किंचित पातळ, असे गणित त्यांनी मांडले. एवढ्या पातळ कवचातही सोने अखंड राहते, त्या अर्थी सोन्याचा अणू याहून मोठा असूच शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. अणू किती लहान असावा याची मर्यादा कारागिराच्या जंतराने घालून दिली!

पुढील शतकात धातूचा बारीक धागा प्रयोगशाळेतच येऊन बसला. विद्युत्‌भारांमधील बल मोजण्यासाठी फ्रान्समध्ये कूलाँ यांनी १७८५ साली जी पीळतुला वापरली, तिची दांडी चांदीच्या अतिबारीक तारेवर टांगलेली होती. १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिश यांनी पृथ्वीची घनता काढली, तेव्हा त्यांच्या उपकरणातील तार तांब्याची असून तिच्यावर चांदी चढविलेली होती. बाजारात ज्या घडणीच्या तारेला आपण खोटी जरी म्हणून नाक मुरडतो, तशाच घडणीच्या तारेवर पृथ्वीचे वजन तोलले गेले. धागा जितका बारीक, तितका तो अल्प बलानेही पिळतो. तारेची त्रिज्या निम्मी केली की पिळाला होणारा विरोध सोळाव्या हिश्शावर येतो, हे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु हे सूत्र शिकताना त्याला घरातल्या जरीची आठवण करून देणारे कोणी नसते.

१८१३ साली इंग्लंडमधील विल्यम वोलास्टन यांनी तर जरीचीच रीत उलटी फिरविली. प्लॅटिनमच्या तारेभोवती चांदीचे जाड कवच ओतून त्यांनी ती जोडतार ओढली आणि शेवटी नायट्रिक आम्लात चांदी विरघळवून टाकली. आत उरली ती एरवी कोणत्याही जंतरातून ओढता न येणारी प्लॅटिनमची सूक्ष्म तार. कलाबतूत बाहेरचा धातू मोलाचा आणि आतला आधाराचा. वोलास्टन यांच्या तारेत आतला मोलाचा आणि बाहेरचा आधाराचा. तत्त्व मात्र एकच.

अशी उदाहरणे अगदी हाताशीही सापडतात. कचेरीतल्या जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर दिवसातून शंभर वेळा उचलला तरी त्याची वायर तुटत नसे. याचे कारण असे की, त्या वायरीत भरीव तार नसून सुताच्या धाग्याभोवती तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली असे. हा कलाबतूच होय. रेशमाच्या जागी सूत आणि सोन्या-चांदीच्या जागी तांबे, एवढाच काय तो भेद. वाकविताना पडणारा ताण धातूच्या जाडीबरोबर वाढतो. म्हणून पातळ पट्टी निर्वेध वाकते आणि ओढ सोसण्याचे काम आतला धागा करतो. पदर खांद्यावरून सहज ओघळतो, तोही याच कारणाने. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील टांगत्या वेटोळ्याच्या गॅल्व्हानोमीटरमध्ये फॉस्फर ब्राँझची जी चपटी पट्टी असते, ती बादल्याचीच बहीण म्हणावयास हवी.

विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइनथोव्हेन यांनी क्वार्ट्झच्या सूक्ष्म तंतूवर चांदीचा लेप देऊन तो प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणला. हृदयातून निघणाऱ्या क्षीण विद्युत्‌प्रवाहाने तो तंतू थरथरला आणि माणसाच्या हृदयाचा विद्युत्‌आलेख विश्वासार्हपणे काढता येऊ लागला. या कार्यासाठी त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आतला तंतू बळासाठी आणि वरचा धातू विजेसाठी, ही श्रमविभागणी कोणत्याही विणकराला समजावून सांगावी लागली नसती.

त्याच शतकाच्या अखेरीस हे वर्तुळ पूर्ण झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रेहमी पोस्ट व मॅगी ऑर्थ हे संशोधक कापडातच विद्युत्‌मंडल विणण्याच्या खटपटीत होते. त्यांच्या हाती आलेले एक कापड भारतात विणलेले होते. त्याचा ताणा साध्या रेशमाचा आणि बाणा तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेल्या रेशमाचा होता. धातूचे धागे एकाच दिशेने, एकमेकांपासून अलग राहून जात असल्याने प्रत्येक धागा स्वतंत्र वीजवाहक ठरला आणि अशा कापडातून स्पर्श ओळखणारा कळफलक तयार झाला. आज रुग्णाच्या अंगावरील वस्त्रातूनच हृदयाचे ठोके टिपण्यासाठी चांदीचा लेप दिलेले धागे वापरले जातात.

यावरून सारे विज्ञान आपल्याकडे पूर्वीच होते, असा सोयीस्कर निष्कर्ष कोणी काढू नये. पैठणच्या कारागिराने अणूचे माप काढले नाही, कूलाँचा नियम मांडला नाही. हॅली यांच्या निबंधाचा खरा बोध निराळाच आहे. कारागिराच्या हातातील ज्ञान विचारून घेणारा, ते आकड्यांत मांडणारा कोणीतरी लंडनमध्ये होता. आपल्याकडे हात होते, कसब होते; विचारणारा मात्र फारसा कोणी भेटला नाही. कलाबतू करणारे हात पैठणात थांबले, विणकरांची जरी सुरतेहून येऊ लागली आणि जुन्या रीतीची साक्ष उरली ती केवळ जुन्या वस्त्रांत. ती साक्ष आपण आज तराजूत घालीत आहोत.

जुन्या जरीचा एखादा इंच धागा पुष्कळ काही सांगू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीची रुंदी, पिळाची दिशा आणि इंचातील वेढे मोजता येतात. सोने पट्टीच्या दोन्ही अंगांना आहे की एकाच, यावरून ती ओढलेल्या तारेची की मुलामा दिलेला पत्रा कापून केलेली, हे कळते. आतले रेशीम पिवळे की पांढरे, हेही अर्थपूर्ण असते, कारण सोनेरी छटा खुलावी म्हणून पिवळे रेशीम मुद्दाम घेतले जाई. नायट्रिक आम्लाच्या थेंबात चांदी विरघळते आणि सोन्याची साल मागे उरते. त्या द्रावात मिठाचे पाणी घातले तर चांदीचा पांढरा साका बसतो, आणि तांबे असेल तर निळसर-हिरवी छटा येते. चांदी काळवंडते ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे, हा पाठही त्याच धाग्यावर शिकविता येतो. यांपैकी एकाही परीक्षेला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. साधी प्रयोगशाळा आणि देखरेख करणारा शिक्षक पुरेसा आहे.

परभणीला तर याहून अधिक अनुकूलता आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठात वस्त्रशास्त्राचे अध्ययन होते. जिल्ह्यातील महाविद्यालयांत भौतिकशास्त्राच्या व रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शने भरतात आणि त्यांत ज्वालामुखीच्या त्याच त्या प्रतिकृती मांडल्या जातात. त्याऐवजी घरोघरच्या जुन्या जरीवस्त्रांची नोंद करण्याचे काम विद्यार्थ्यांनी हाती का घेऊ नये? वस्त्राचे छायाचित्र, काठाची मापे, घरात ते कसे व केव्हा आले याविषयी वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत, आणि दशीतून आपोआप सुटलेला बोटभर धागा, एवढे गोळा झाले तरी एक मोलाची नोंदवही तयार होईल. वस्त्र ज्याचे त्याच्याच घरी राहील. कोणाच्या मालकीला धक्का लागणार नाही. हे काम मार्गी लावावयाचे तर विद्यापीठाने पुढाकार घेतला पाहिजे आणि शिक्षकांनी त्यास साथ दिली पाहिजे.

यानंतरही एखाद्या कुटुंबाला गरजेपोटी पैठणी विकावी लागेल. ती त्याने विकावी. मुलीचे शिक्षण वस्त्राहून मोठे आहे. परंतु ती भट्टीत जाण्याआधी कोणीतरी तिचे वाचन केलेले असावे. चांदी पुन्हा बाजारातून आणता येते, तिचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो. त्या चांदीवर सोन्याची साल न फाटू देता ती केसाइतकी बारीक कशी ओढली गेली, हे सांगणारा धागा मात्र एकदा वितळला की कोणत्याच भावाने परत मिळत नाही.