कंसातले दोन आकडे

‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हे जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं पुस्तक समोर ठेवून अख्खी सिस्टीम सोर्स कोडपासून उभी करायची, तर कंपायलर, सी लायब्ररी, शेल असं एकेक पॅकेज स्वतः कंपाइल करावं लागतं. सगळ्यात शेवटी कर्नल आणि ग्रब हा बूटलोडर. मग रीबूट. पुष्कळांचं घोडं इथेच अडतं.

पडद्यावर शेवटी उमटतं: ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. हे पाहून माणसं हबकतात आणि सगळं पहिल्यापासून बांधायला घेतात. काही गरज नसते. पॅनिक दिसला याचाच अर्थ ग्रबने कर्नल मेमरीत चढवला आणि तो चालूही झाला. अडलंय ते रूट पार्टिशन माउंट करताना.

“डिस्क गेली का?” शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीने विचारलं. “आधी वरच्या ओळी वाच,” मी म्हटलं. पॅनिकच्या आधी कर्नल आपल्याला दिसलेल्या पार्टिशनांची यादी छापतो. तिच्या पडद्यावर त्या यादीत एकही नाव नव्हतं. कंसातल्या शून्यांचा अर्थ तोच: रूट म्हणून दिलेलं डिव्हाइस कर्नलला सापडलेलंच नाही.

पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समधून मशीन चालू केलं आणि ‘एलएसपीसीआय -के’ चालवलं. डिस्क एनव्हीएमईची निघाली. मग सोर्सच्या डिरेक्टरीत जाऊन ‘मेक मेनूकॉन्फिग’ उघडलं, तर एनव्हीएमई ड्रायव्हरसमोर ‘एम’, म्हणजे मॉड्यूल. मॉड्यूलची फाइल असते त्याच डिस्कवर, जी उघडायला ते मॉड्यूल लागतं. कपाटाची किल्ली कपाटातच राहावी तसं. तयार डिस्ट्रिब्युशनमध्ये ही अडचण सहसा येत नाही, कारण इनिटरॅमएफएस ही छोटी फाइलसिस्टीम गरजेची मॉड्यूल घेऊन आधीच मेमरीत आलेली असते. इथे ती नव्हती. म्हणून ‘एम’च्या जागी तारांकन हवं, म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच.

कर्नल पुन्हा बांधला, नवी इमेज बूट डिरेक्टरीत कॉपी केली, रीबूट केलं. पुन्हा पॅनिक! तिचा चेहरा उतरला. मला मात्र आनंद झाला, कारण कंसात आता (२५९,२) होतं. डिस्क सापडली होती, दुसरं पार्टिशनही सापडलं होतं. फक्त त्यावरची ईएक्सटी४ फाइलसिस्टीम वाचता येत नव्हती. मेनूकॉन्फिगमध्ये ईएक्सटी४समोरही ‘एम’च होतं. ते बदललं आणि लॉगिन आलं.

असेच आणखी काही खाचखळगे आहेत. इनिटरॅमएफएस नसेल तर ग्रबमधून कर्नलला दिलेल्या ‘रूट=’पुढे फाइलसिस्टीमचा यूयूआयडी चालत नाही, पार्टयूयूआयडी चालतो. ग्रबमध्ये डिस्क शून्यापासून मोजतात, पार्टिशनं एकपासून. आणि इनिटची फाइल जागेवर असूनही ‘नो वर्किंग इनिट फाउंड’ आलं, तर डायनॅमिक लोडर जागेवर आहे का ते तपासावं. कर्नल इनिटची तक्रार करतो, पण हरवलेला असतो लोडर.

पॅनिक आला की काहीही पुन्हा बांधण्याआधी मोबाइलने पडद्याचा फोटो काढा, वरच्या ओळींसकट. आणि चालणाऱ्या जुन्या कर्नलची नोंद असेल, तर नवा नीट बूट होईपर्यंत ती ग्रबच्या मेनूतून काढू नका.