परवाना एक, करारनामा दुसरा
बंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत 2018 साली आरंभ झालेली ‘मोसिप’ ही ओळखप्रणाली किंवा त्याच शहरातील झेरोधा या शेअर दलाली कंपनीच्या कैलाश नाध यांनी रचलेले ‘लिस्टमंक’ हे मेलिंग-लिस्ट सॉफ्टवेअर, यांचा सोर्स कोड ‘गिटहब’ या कोड साठवणाऱ्या सेवेच्या सर्व्हरवर सर्वांसाठी खुला ठेवलेला आहे, परंतु तो तेथे ठेवताना एकाच मजकुरावर दोन स्वतंत्र दस्तऐवज अंमल सांगू लागतात, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. पहिला दस्तऐवज म्हणजे परवाना: लिस्टमंकचा एजीपीएल परवाना प्रत काढण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा देतो, मात्र त्यावर नवे निर्बंध लादण्यास मनाई करतो. दुसरा दस्तऐवज म्हणजे सेवेचा करारनामा. फेब्रुवारी 2017 मध्ये गिटहबने तो नव्याने लिहिला, तेव्हा त्यात, सेवा चालवण्यापुरता का होईना, श्रेयाचा हक्क सोडण्याचे कलम आले, आणि अनेक मुक्त परवाने कर्त्याचे नाव राखण्याच्या अटीवरच उभे असल्यामुळे काही लेखकांनी हरकत घेतली.

खरी मेख मालकीची आहे. कोड चढवणारा पुष्कळदा एकटा मालक नसतो. अनेकांनी लिहिलेल्या ओळींवर अनेकांचा हक्क असतो, मग त्यांच्या वतीने जादा हक्क देण्याचा अखत्यार त्याला कोठून येणार? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 57 वे कलम तर हक्क विकल्यानंतरही कर्तृत्वाचा दावा कर्त्यापाशीच ठेवते.

मूळ परवान्यातच आवश्यक मुभा असेल तर वेगळी परवानगी लागत नाही, अशी तरतूद गिटहबच्या अटींत आता आहे व ती मला न्याय्य वाटते. परंतु प्रत्येक सेवा इतकी उदार असेलच असे नाही, म्हणून दुसऱ्याचे लेखन चढवण्यापूर्वी करारनाम्यातील हक्कप्रदानाचे कलम परवान्याशेजारी ठेवून वाचावे.